मुंगळ्यांच्या बाजूचा शिपाई

कान्होजी जगदाळ्याचे पूर्वज साताऱ्याकडून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले होते आणि कान्होजी पायदळात पायी चालत होता. घराण्याचा इतिहास कुणी विचारला तर तो एवढंच सांगायचा आणि वर म्हणायचा, ‘आणखी दोन पिढ्यांनी रांगायला लागू.’ माणूस हुशार होता, पण हुशारीचा उपयोग नको तिथं करायची खोड होती. त्या खोडीपायी एका घराचं वाटोळं झालं. ते त्याच्या हातून झालं, हे मी झाकून ठेवणार नाही. त्यानं स्वतःही ठेवलं नाही, फक्त सांगायला पाच वर्षं घेतली.

संस्थानाच्या फौजेत तो हवालदार होता आणि त्याच्याकडं वाळूखोली होती. शहरातल्या कंपू नावाच्या भागात पलटणीच्या बराकी होत्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत दोन खाटांएवढं एक लाकडी टेबल होतं, त्याला चारी बाजूंनी वीतभर कड आणि आत नदीची वाळू. कान्होजी त्या वाळूचे डोंगर करायचा, निळ्या रांगोळीची नदी काढायचा, भुसा हिरवा रंगवून झाडी लावायचा आणि काड्यापेट्यांची गावं वसवायचा. मग अधिकारी भोवती उभे राहून लुटूपुटूची लढाई लढायचे. कान्होजी लांब वेताची छडी घेऊन टेबलाच्या डोक्याशी उभा राहायचा आणि पंचाचं काम करायचा.

त्या टेबलाचा एक कायदा होता. ज्यानं ज्या पलटणीचं सोंग घेतलं, त्यानं ती पलटण म्हणूनच बोलायचं. ‘मी असं केलं असतं’ म्हणायचं नाही, ‘मी नाल्यात उतरलो’ म्हणायचं. बोलणं त्या पलटणीला शोभलं की कान्होजी मान हलवायचा. त्यानं मान हलवली की बोललं ते झालं. मग मागं फिरणं नाही, भले समोर साहेब असो.

एकोणीसशे पन्नास साल उजाडेपर्यंत संस्थान संपून दीड-दोन वर्षं झाली होती. राज्याचं नाव बदललं, टोपीवरचं चिन्ह बदललं, सलामी कुणाला द्यायची तेही बदललं. फौज मात्र लग्न उरकून वऱ्हाड गेल्यावर मांडवात बसून राहिलेल्या पाहुण्यांसारखी बसून होती. देशाच्या सैन्यात काहींना घेणार होते, बाकीच्यांना घरी पाठवणार होते. कुणाला घेणार आणि कुणाला नाही, हे ठरवायला बोर्ड येणार होतं. ते येईपर्यंत सकाळी कवायत आणि दुपारी काही नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. तशात पलटणीच्या शाळेतल्या लक्ष्मीकांत मास्तरांनी एका दुपारी शिपायांना सांगितलं, की मंगळावरही कुणी राहत असेल, पण ते आपल्यासारखंच दिसेल असं नाही. हातापायाचा माणूस कशाला, किड्यासारखंही असेल.

‘मग त्यांची फौज कशी असेल?’ कुणीतरी विचारलं.

‘मुंगळ्यांची असते तशी,’ मास्तर म्हणाले.

‘बघू की,’ कान्होजी म्हणाला. ‘टेबल रिकामंच आहे.’

दुसऱ्या दिवशी त्यानं वाळूत ग्वाल्हेरचा किल्ला उभा केला आणि मंगळावरचे माणसाएवढे मुंगळे किल्ल्याच्या पश्चिमेला उतरवले. माणसांसाठी हरभरे घेतले आणि मुंगळ्यांसाठी काळे उडीद. उडीद घरच्या डब्यातले होते. ‘घरात वरणाची पंचाईत आणि हे मंगळाची फौज पोसताहेत,’ असं त्याची बायको मंदाताई शेजारणीला सांगायची.

खेळ असा जमला की दुपार झाली की शिपाई आपणहून वाळूखोलीकडं वळू लागले. भिंतीच्या बाजूला माणसं उभी राहणार, खिडकीच्या बाजूला मुंगळे, असं ठरलं. पण मुंगळे व्हायला कुणी तयार होईना. किडा म्हणून कोण उभा राहणार? तेव्हा कान्होजीनं छडीनं खूण केली, ‘बळवंता, तू तिकडं.’ बळवंत खराडे खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि पुढं पाच महिने ती बाजू त्याचीच झाली.

बळवंत चोवीस-पंचवीस वर्षांचा शिपाई. पलटणीच्या बराकीतच जन्मला, तिथंच आईबाप गेले, तिथंच भरती झाला. बायको शालिनी आणि तीन वर्षांची मुलगी मधु एवढंच त्याचं बाहेरचं जग. हुकूम म्हटला की पहिला निघणारा आणि बोलण्यात शेवटचा. त्याच्या हातून एकही काम कधी चुकलं नव्हतं, कारण सांगितलेलं तेवढंच तो करायचा. कान्होजीचा त्याच्यावर जीव होता, आणि थोडा अभिमानही होता, स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूचा असतो तसा.

मुंगळे सुरुवातीला सारखे जिंकले. त्यांना वर्दी लागत नव्हती, कवच अंगाचंच. डोळे असे की पाठीमागून वार नाही. आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं नेणार, म्हणजे खेचरांची गरज नाही. माणसांचा एक जखमी झाला की त्याला उचलायला दोन हरभरे बाजूला जायचे. मुंगळा पडला की बाकीचे त्याच्यावरून पुढं. मास्तरांनी शंका काढली, की किडा अंगावरच्या भोकांनी श्वास घेतो, एवढ्या मोठ्या देहाला ती हवा पुरणार नाही, तो गुदमरेल. त्यावर तासभर वाद झाला आणि प्रत्येक मुंगळ्याच्या पाठीवर मंगळाच्या हवेची पखाल द्यायचं ठरलं. मग माणसांनी पखाली फोडायला सुरुवात केली. पुढं डिसेंबरच्या थंडीत पहाटे हल्ला करायचं सुचलं, कारण ऊन चढेपर्यंत किड्याचं अंग चालत नाही. पारडं हळूहळू फिरलं. आणि एक दिवस माणसांना खरी मेख सापडली. मुंगळ्यांना हुकूम राणीकडून मिळतो. मधला रस्ता तोडला की हुकूम बंद.

त्या दिवशी चाळीस उडीद एका घळीत अडकले. कान्होजीनं विचारलं, ‘पहिला दिवस. हुकूम नाही. मुंगळे काय करतात?’

‘आम्ही इथंच,’ बळवंत म्हणाला. तो सोंगात असताना ‘मी’ कधी म्हणत नसे.

‘दुसरा दिवस. वरून दगड येताहेत.’

‘आम्ही इथंच.’

‘अरे, मागची वाट मोकळी आहे, ने ना त्यांना,’ भिंतीकडचा एक शिपाई म्हणाला. शत्रूच होता तो, पण त्याच्यानंही बघवेना.

‘हुकूम नाही,’ बळवंत म्हणाला.

कान्होजीनं मान हलवली. माणसांनी एकेक उडीद उचलून बाहेर ठेवला. चाळीस होईपर्यंत खोलीत कुणी हसलं नाही. खेळ मोडल्यावर बळवंत मागं रेंगाळला. ‘साहेब, बरोबर खेळलो ना?’

‘अगदी बरोबर,’ कान्होजी म्हणाला. त्याला खरोखरच आनंद झाला होता. आता हे सांगताना मला त्या आनंदाचा राग येतो.

एक्कावन्न सालच्या जानेवारीच्या अखेरीस बोर्ड आलं. बाहेरच्या पलटणीतले एक मेजर आणि दोन अधिकारी. त्यांना वाळूचं टेबल आवडलं आणि शिपायांची अक्कल इथंच तपासू असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या खुर्च्या भिंतीच्या बाजूला मांडल्या. शिपाई एकेक करून यायचा, खिडकीच्या बाजूला उभा राहायचा आणि मेजर विचारतील त्याचं उत्तर द्यायचा. कान्होजी छडी घेऊन डोक्याशी. त्याची स्वतःची तपासणी दुसऱ्या दिवशी होती.

सकाळपासून तीस-पस्तीस जण येऊन गेले. ते सगळे भिंतीकडचे, माणसांच्या बाजूनं खेळलेले. त्यांना खिडकीशी उभं राहिल्यानं काही फरक पडला नाही. मग बळवंत आला, पाच महिने जिथं उभा राहिला त्याच फरशीवर उभा राहिला आणि त्यानं सवयीनं कान्होजीकडं पाहिलं.

मेजरांनी वाळूतल्या एका घळीकडं बोट केलं. ‘तुम्हारा अफसर मारा गया. दाहिने से दुश्मन आ रहा है. हुक्म देनेवाला कोई नहीं. क्या करोगे?’

बळवंत म्हणाला, ‘हम यहीं रहेंगे, साब. हुक्म आने तक.’

आणि कान्होजीनं मान हलवली. सवयीनं हलली. बळवंत कुणाच्या बाजूनं बोलतोय हे त्या खोलीत फक्त त्यालाच कळलं होतं. बळवंतला वाटलं, खूण मिळाली, आपलं बरोबर चाललंय.

‘और हुक्म न आए तो?’

‘तो भी यहीं.’

मेजरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर करून कान्होजीलाच विचारलं, ‘हवलदार, कैसा आदमी है यह?’

इथं सांगता आलं असतं. साहेब, हा मुंगळ्यांच्या बाजूनं बोलतोय, याला माणूस म्हणून विचारा, एवढंच सांगायचं होतं. पण मग मेजर विचारणार, कसले मुंगळे. मग सरकारी वाळूवर पाच महिने मंगळाची लढाई चालवली हे बाहेर येणार, हसू होणार, आणि उद्या याच खोलीत कान्होजी उभा राहणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याच्या मनानं त्याला सांगितलं. मन असल्या वेळी फार चटकन बोलतं.

‘हुक्म का पक्का है, साब,’ कान्होजी म्हणाला.

आठवड्यानं याद्या लागल्या. कान्होजीचं नाव घेतलेल्यांत होतं. बळवंतचं दुसऱ्या यादीत होतं. शेरा होता, की स्वतःच्या बुद्धीनं काही करण्याची पात्रता नाही. वळकटी खांद्यावर घेऊन बळवंत वाळूखोलीच्या दाराशी आला. त्याला त्या शेऱ्याचा अर्थ कुणीतरी समजावून सांगितला होता, तरी तो समजला नव्हता.

‘साहेब, मी उत्तर चुकलो का?’

‘नाही रे, चुकला नाहीस.’

‘मग?’

कान्होजीला त्याच्या तोंडाकडं बघवेना. तो घाईघाईनं म्हणाला, ‘वरूनच तसा हुकूम आहे. सध्या तू घरी थांब. गरज लागली की बोलावतील.’

रडणाऱ्या पोराच्या हातावर बत्तासा ठेवावा तसं ते बोलणं होतं. बळवंतचा चेहरा मात्र एकदम मोकळा झाला. त्यानं टाचा जुळवून सलाम केला आणि तो दाना ओळ नावाच्या वस्तीतल्या भाड्याच्या खोलीकडं निघून गेला. कान्होजी महिन्याभरात नव्या पलटणीबरोबर पठाणकोटला गेला.

तिथं पाच वर्षं गेली. बळवंतची आठवण यायची, नाही असं नाही. पण त्याला वाटायचं, लागला असेल कुठंतरी. ग्वाल्हेरात दारावर उभ्या राहणाऱ्या माणसाला कामाचा काय तोटा, सराफ्यातला कुणीही पेढीच्या दारावर उभा करील. असं म्हणून तो कूस बदलायचा. छप्पन साल अर्धं सरल्यावर त्याला एक कार्ड आलं. दोन ठिकाणचे शिक्के खाऊन, तीन महिने भटकून ते पोचलं होतं.

‘कान्होजी भाऊजींना शालिनी बळवंत खराडे हिचा नमस्कार. ह्यांना तुम्ही घरी थांब, बोलावतील असं सांगितलं होतं. ते अजून वाट बघून राहिलेत. सराफ्यातून दोनदा चांगली नोकरी आली. म्हणतात, मी पलटणीचा माणूस, रजेवर आहे, दुसरीकडं कसा लागू. बोलावणार असतील तर कधी ते लिहा. नसतील तर तसं लिहा. माझं मानत नाहीत, तुमचं मानतील.’

कान्होजीनं तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. शेवटी मंदाताई म्हणाली, ‘कागदावर लाज वाटते, तर तोंडावर जाऊन सांगा.’ त्याची नोकरी त्या पावसाळ्यानंतर पुरी होतच होती. दसरा झाल्यावर दोघं ग्वाल्हेरला परतली.

राज्य पुन्हा एकदा बदलत होतं. कचेऱ्या नव्या राजधानीला, भोपाळला, चालल्या होत्या. महाराज बाड्याच्या चौकात ट्रक उभे होते आणि दोरीनं बांधलेली दप्तरं त्यांत चढत होती. अर्धी बिऱ्हाडं घरं रिकामी करत होती. कान्होजी त्या गर्दीतून दाना ओळीत शिरला. काय बोलायचं ते त्यानं गाडीत घोकलं होतं. नळावर शालिनी भेटली. तिनं ओळखलं, बादली खाली ठेवली, पण डोक्यावर पदर घेताना हसली नाही.

‘आलात ते बरं झालं, भाऊजी.’

‘यायलाच हवं होतं, वहिनी. घरी सगळं ठीक? मधु आता केवढी झाली असेल.’

‘मधु नाही,’ शालिनी म्हणाली.

ती नळाकडं बघत सांगत राहिली. घरात कमावणारी एकटी तीच, चार घरी शिवणटिपण करणारी. म्हणून मुलीला दतियाला भावाकडं ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिथं देवीची साथ आली आणि मधुला देवी निघाल्या. तार आली. दतिया काही लांब नाही, दोन-तीन तासांची गाडी.

‘ह्यांनी बूट घातले. दारापर्यंत आले आणि परत फिरले. म्हणाले, मी गावाबाहेर गेलो आणि मागून बोलावणं आलं तर? हवालदारसाहेबांना खाली बघावं लागेल. मी पाया पडले, भाऊजी. नाहीच आले. मी एकटी गेले. मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. बाबा कुठं आहेत, विचारून राहिली होती.’

कान्होजीनं घोकलेलं सगळं उडून गेलं. घरी थांब, बोलावतील. हे बोलायला त्याला किती वेळ लागला होता? यादी वाचायला लागला असेल त्याहून कमी. आता खरं सांगायचं म्हणजे त्या माणसाला हेही सांगायचं, की तू विनाकारण थांबलास. त्यापेक्षा लढाई संपली, पलटण मोडली, असं काहीतरी सांगावं का? असा विचार त्याच्या मनात आला, हेही मी लपवत नाही.

शालिनीला ते त्याच्या तोंडावर दिसलं असावं. ‘नवीन काही जोडून सांगू नका,’ ती म्हणाली. ‘मागच्या वेळी तसंच सांगितलं होतं तुम्ही, हे मला कधीचं कळलंय. खरं तेच सांगा.’

‘वहिनी, तो सहन करील?’

‘नाही केलं तर मी आहे. पण हे असं आता माझ्यानं बघवत नाही.’

खोली एकच होती, झाडून लख्ख केलेली. खुंटीवर वर्दी होती, घडी न मोडता टांगलेली. खालच्या फळीवर पॉलिश केलेले बूट. बळवंत तिशीचा, पण कानशिलं पांढरी झालेली. कान्होजीला पाहताच तो उभा राहिला आणि त्यानं टाचा जुळवल्या. अनवाणी पायांचा आवाज झाला नाही.

‘बोलावणं आणलंत, साहेब?’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. उशीर झाला, असंही त्याला म्हणायचं नव्हतं. शालिनी दारात बादली घेऊन उभी राहिली आणि तिथंच थांबली.

‘बस, बळवंता,’ कान्होजी म्हणाला. बळवंत बसला. कान्होजी त्याच्यासमोर जमिनीवर बसला, आणि मग त्यानं सगळं सांगितलं. मेजर तुला माणूस म्हणून विचारत होते, तू मुंगळ्यांच्या बाजूनं बोललास, मला ते तेव्हाच कळलं होतं. माझी मान सवयीनं हलली. मेजरांनी मला विचारलं तेव्हा मी सांगू शकत होतो. दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती, म्हणून घाबरलो. तुझी जागा माझ्यामुळं गेली. आणि बोलावतील म्हणालो तेही खोटं. तुझं तोंड बघवेना म्हणून बोललो.

 कवायतीच्या मैदानावर सूचना ऐकाव्यात तसं बळवंत ऐकत होता. बोलणं संपल्यावर त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, आणखी काही आहे का म्हणून.

‘म्हणजे घरी थांबण्याचा हुकूम नव्हता?’

‘नव्हता.’

‘वरून पण नव्हता?’

‘कुणाचाच नव्हता, बळवंता. मी आपला बोललो होतो.’

बळवंतनं मान खाली घातली. तो मनाशी वर्षं जुळवत राहिला. रस्त्यावरून भोपाळला निघालेला एक ट्रक गेला, त्याच्या धक्क्यानं फळीवरची भांडी वाजली. मग त्यानं वर पाहिलं. त्याला राग आला असता तर कान्होजीनं तो आनंदानं सोसला असता. पण त्याला खरोखरच काहीतरी विचारायचं होतं, आणि विचारायला हवालदारसाहेबांखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

‘मग त्या दिवशी मला दतियाला जाता आलं असतं?’

दारात शालिनीनं बादली खाली ठेवली. कान्होजीच्या मनात दोन-तीन उत्तरं येऊन गेली, सगळी मायेची. त्यानं ती गिळली.

‘होय,’ तो म्हणाला. ‘जाता आलं असतं.’